टीव्ही चांगला, ॲप बंद! खोक्यावर वर्षं छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आलं होतं की येत्या काही वर्षांत टीव्ही म्हणजे सगळं ऑनलाइनच, केबलची वायर पण जाणार आणि गच्चीवरची छत्री पण. बरोबर आहे, मला त्यात वाद घालायचा नाही. २०२२ ला आयपीएलचे हक्क विकले तेव्हाच दिसलं होतं, भारतातल्या टीव्हीसाठी २३,५७५ कोटी आणि इंटरनेटसाठी २३,७५८ कोटी, तिथंच पारडं फिरलं. पण माझं सोलापूरच्या पूर्व भागात टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे आणि तुम्ही ज्याला भविष्य म्हणताय ते माझ्या टेबलावर रोज उताणं पडलेलं असतं, म्हणून म्हटलं आपणबी दोन शब्द लिहावं.

पूर्वी टीव्ही यायचा तो काहीतरी जळालं म्हणून यायचा. ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेली, कंडेन्सर फुगला, पिक्चर ट्यूब उतरली. मग एलईडी आले, त्यांचं एकच रडगाणं, आवाज येतोय पण चित्र नाही, म्हणजे आतली बॅकलाइटची पट्टी गेली, पट्टी बदलली की गिऱ्हाईक खूश. आता एक नवीनच प्रकार सुरू झालाय. पॅनल ठणठणीत, आवाज खणखणीत, रिमोट चालतोय, पण ॲप उघडलं की स्क्रीनवर येतं, हे ॲप आता या टीव्हीवर चालणार नाही. बस्स. यात मी काय दुरुस्त करू?

परवा एक अक्का आल्या. विड्या वळतात, मुलगा पुण्याला नोकरीला, त्यानं आईला तेलुगू सिरियली बघायला स्मार्ट टीव्ही घेऊन दिलेला आणि ॲपचे वर्षाचे पैसेबी तोच भरतो. टीव्ही रिक्षात आडवा घालून आणला होता, वर गोधडी, त्याला सुतळी. म्हणाल्या, "काय की अण्णा, काल रात्रीपर्यंत लागत होतं की, मी तर हातबी लावला नाही." लावून बघितला तर स्क्रीनवर एक रेघ नाही, डाग नाही, कोपऱ्यात सुद्धा काळं पडलेलं नाही, इतका जपून वापरलेला सेट आमच्याकडं क्वचित येतो. मी म्हटलं अक्का, टीव्हीला काय झालं नाही, टीव्ही चांगला आहे. तर त्या म्हणाल्या, "मग सिरियल का लागत नाय?" आता सांगा, काय सांगायचं.

तरी सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही मेकॅनिक लोक थापा मारतोय. स्मार्ट टीव्ही म्हणजे टीव्हीच्या पाठीत बसवलेला छोटा कॉम्प्युटर, आणि स्वस्तातल्या सेटमध्ये तो लईच बारका असतो, १ जीबी रॅम, ८ जीबी जागा, त्यातली निम्मीअर्धी त्याची स्वतःचीच सिस्टम खाते. ॲप मात्र दर वर्षी फुगत जातं. त्यात व्हिडिओ दाबून पाठवायची पद्धत बदलत राहते, आधी एच.२६४ होती, मग एचईव्हीसी आली, आता एव्ही१ आहे, याने डेटा कमी लागतो आणि कंपन्यांचा खर्च वाचतो, चांगलंच आहे, पण ते दाबलेलं चित्र उलगडायचं काम टीव्हीतली चिप करते आणि जुन्या चिपमध्ये नव्या पद्धतीची सोयच नसते. मग ती जुन्या पद्धतीवर चालते, जोपर्यंत ॲपवाले जुनी पद्धत चालू ठेवतात तोपर्यंत. त्यांनी एक दिवस हिशोब केला की इतके थोडे लोक राहिलेत, कशाला ठेवायचं, की संपलं. आणखी एक भानगड म्हणजे सुरक्षेची सर्टिफिकेट, समोरची साइट खरी आहे का हे मशीन त्यावरून ओळखतं, त्यालाबी एक्स्पायरी असते हे कोणाला माहीत नसतं. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच झालं होतं, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था साइटना जी सर्टिफिकेट देते ती ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटवर टेकून होती त्याची मुदत संपली आणि जगभर अपडेट न मिळालेल्या कितीतरी जुन्या मशीनवर साइट उघडेनात. मशीन तीच, नेट तेच, फक्त तारीख बदलली.

आता माझा मुद्दा. २०१३ आठवा. केबल डिजिटल झाली, दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत आपलं सोलापूर होतं, ३१ मार्चची मुदत, काय बोंबाबोंब झाली होती त्यावेळी, टीव्ही बंद पडणार म्हणून. कोणाचाच टीव्ही फेकावा लागला नाही. सेटटॉप बॉक्स आला, तीन रंगांच्या पिना मागं खोचल्या, आणि पंधरा वर्षांचा जुना डबा पुन्हा चालू. म्हणजे अख्ख्या शहराची सिस्टम बदलली तरी टीव्ही तोच राहिला, कारण डोकं बाहेर होतं आणि टीव्ही नुसता काच होता. स्मार्टच्या नादात आपण ते डोकं काचेला चिकटवून टाकलं. पॅनल आरामात दहा वर्षं जातं, डोकं चार-पाच वर्षांत म्हातारं होतं. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून कोणी डोळे बदलत नाही, पण इथं दुकानदार सरळ सांगतो, साहेब नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये हजार रुपये धरतो.

कंपन्या डोकं आतच का ठेवतात, तर पैसा तिथं आहे म्हणून. टीव्ही विकून फार काय सुटत नाही, नंतर होमस्क्रीनवरच्या जाहिराती आणि तुम्ही काय बघता त्याची माहिती, यात कमाई आहे. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीला २०१७ ला २२ लाख डॉलर भरावे लागले, कारण लोकांना नीट न सांगता त्यांचा टीव्ही सेकंदासेकंदाला काय लागलंय ते टिपून पाठवत होता. पुढं त्याच कंपनीला वॉलमार्टने २३० कोटी डॉलरला विकत घेतलं, जाहिरातीचा धंदा बघूनच. किराणा विकणाऱ्याला टीव्ही कंपनी कशाला लागते, याचा विचार करा जरा.

मी काय नवीन तंत्राच्या विरोधात नाही, उलट माझा पोरगा दिवसभर त्यातच असतो. माझी मागणी छोटी आहे. टीव्हीच्या खोक्यावर स्टार लेबल असतंच, किती वीज खातो ते सरकारने छापायला लावलं म्हणून छापतात. त्याच्याच शेजारी छापा की, या सेटला अमुक सालापर्यंत अपडेट मिळेल. हे काय आकाशातलं नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, नेटला जोडायच्या वस्तूला सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते विकतानाच सांगायचं. युरोपात तर २०२१ पासून टीव्हीचे काही सुटे भाग सात वर्षं आणि फर्मवेअर म्हणजे आतलं सॉफ्टवेअर आठ वर्षं मिळालं पाहिजे असा नियम आहे, तेसुद्धा त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजून. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, चांगलं काम आहे, पण आमच्यासारख्या गल्लीतल्या मेकॅनिकला हवा असतो सुटा मदरबोर्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर, आणि ते सरळ मार्गाने मिळेल तर शपथ.

दुसरी मागणी, ॲपचा जमाना संपल्यावर तो सेट निदान साधा टीव्ही म्हणून तरी चालू द्या. चालू केला की सरळ एचडीएमआयवर, म्हणजे बाहेरचा बॉक्स जोडायच्या खाचेवर, उघडला पाहिजे. आता काय होतं, आधी होमस्क्रीन, त्यावर नेट जोडा, मग अकाउंट काढा, मग अटी मान्य करा, आणि म्हातारं माणूस रिमोट घेऊन बसलेलं असतं की बातम्या कधी लागणार.

लोक म्हणतात एचडीएमआयमध्ये खोचायची, ॲप चालवणारी स्टिक लावा, विषय संपला. लावतोच की मी, अक्कांनाबी तेच सांगितलं, अडीच-तीन हजारांत डोकं पुन्हा बाहेर येतं, टीव्ही वाचतो. पण सगळ्यांचं तेवढ्यावर भागत नाही. काही सेटला एचडीएमआय एकच, तिथं आधीच केबलचा बॉक्स. आणि नेट कुठलं? फायबर सगळ्या घरात नाही, निम्म्या घरांत मोबाइलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी, आणि एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं. अर्ध्या तासात डेटा खलास, सिरियलमधलं लग्न अर्ध्यावर. कुंभारीकडं विडी कामगारांच्या वसाहतीत जाऊन बघा, अजून दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्र्या दिसतात, महिन्याचं भाडं नाही, पाऊस जोरात आला तरच चित्र अडकतं. ज्यांना तुमचं ऑनलाइन भविष्य परवडत नाही त्यांचा टीव्ही तोच आहे, तो बंद करायच्या गोष्टी तरी एवढ्यात कोणी काढू नयेत. (आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा लोकल केबलवर लागतो, अंथरुणाला खिळलेली माणसं घरातून अक्षता टाकतात. यूट्यूबवरबी दिसतो, मान्य, पण त्यांना लावून कोण देणार?)

आता मोबाइलवर नेट नसताना टीव्ही दिसायचं डी२एम येतंय म्हणतात, चाचण्या झाल्यात, येऊ दे, भारीच होईल. त्यालाबी फोनमध्ये वेगळी चिप लागणारच आहे म्हणा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या घरात ४३ इंची. घ्या, मोठं चित्र कोणाला नको. फक्त घेताना एवढं बघा, रॅम २ जीबी तरी पाहिजे, एचडीएमआय दोन-तीन पाहिजेत, आणि नेट न जोडता दुकानातच चालू करून दाखवा म्हणायचं. संपादक साहेब, लग्नसराईला तुमच्या पेपरात टीव्हीच्या पानपानभर जाहिराती येतात, त्या देणाऱ्यांना अपडेटचं तुमच्याकडूनबी एकदा विचारून बघा. गिऱ्हाइकाने विचारलं तर दुकानदार म्हणतो, अपडेट आपोआप येतात साहेब. किती वर्षं येतात तेवढं बिलावर लिहून द्या म्हणावं.

कळावे,
आपला एक वाचक (टीव्ही मेकॅनिक)
पूर्व भाग, सोलापूर