आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: लाइनचं ड्रेसिंग कोण बदलणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

काल माझा मुलगा एकवीस दिवसांनी आयसीयूतून बाहेर आला. वय एकोणीस, ब्लड कॅन्सर. पण आयसीयूत त्याला कॅन्सरने नेलं नव्हतं, दंडातल्या पिक लाइनने नेलं.

किमोसाठी दंडातून घातलेल्या या नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं, नळी फ्लश करायची, म्हणजे आतून सलाइनने धुवायची. एवढ्यासाठी परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबई गाठायची? किमोने पांढऱ्या पेशी उतरलेलं पोर त्या गर्दीत न्यायचं? म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. "आम्हाला यातलं कळत नाही, तुमचं तुम्ही बघा." दोन आठवडे ड्रेसिंग तसंच राहिलं. तिसऱ्या आठवड्यात एका ठिकाणी हातमोज्यांशिवाय, नुसत्या कापसाने पुसून बदलून दिलं. मी समोर उभी होते आणि गप्प बसले. ते मला मरेपर्यंत टोचणार आहे.

मग ताप आला. त्याच लाइनमधून सलाइन लावलं आणि अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली की खाट हलत होती. व्हायरल म्हणत चार दिवस गेले. मुंबईत सीटी केला, तर दोन्ही फुप्फुसांत गाठी, काही आतून पोकळ. मला वाटलं, कॅन्सर पसरला. पसरला नव्हता. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, स्टॅफ हा जंतू निघाला. नळीला धरलेल्या गुठळीत जंतू वाढले होते. तिचे तुकडे सुटून हृदयातून फुप्फुसांत जाऊन अडकले, तिथे पू झाला. नळी काढली, किमो थांबली. आयसीयूसाठी रान गहाण पडलं.

मंत्रिमहोदय, हे टाळता येत होतं. मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, नको असलेली नळी लगेच काढणं, असे पाच साधे नियम पाळून असे संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत कमी केले. हे 2006 साली छापून आलंय. आपल्याकडे एवढ्या वर्षांत एका नर्सला शिकवता आलं नाही?

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तुमच्याच लोकांनी सांगितलं, तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर सेंटर. किमो जिल्ह्यात द्याल, आणि घरी गेलेल्या माणसाच्या दंडातली नळी कोण सांभाळणार? दवाखान्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलाच नाही. कुठल्या दवाखान्यात किती नळ्या पिकल्या, हे आम्हाला विचारायचीसुद्धा सोय नाही. फीत कापायला तुम्ही सगळे येता. पट्टी बदलायला माणूस नेमत नाही. सरकारं बदलली, तालुक्याचा दवाखाना तोच आहे.

पुढच्या आठवड्यात पोराला नवी लाइन टाकणार आहेत. त्यानंतर दर सोमवारी ड्रेसिंग. परभणीत ते कोण बदलेल, कुठल्या खोलीत, किती वाजता, एवढं लेखी कळवा.

आपली,
एक आई, जि. परभणी