'गावठी' म्हणवून घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० वर्षांपूर्वी पुण्याच्या वसतिगृहातून आईला फोनवर आमच्या खानदेशी बोलीत, अहिराणीत, 'काय करी ऱ्हायनी?' (काय करते आहेस?) एवढे विचारले, तरी सोबती मला 'गावठी' म्हणत. आज धुळ्यात माझा मुलगा तोच शब्द छापलेला टी-शर्ट ऐटीत मिरवतो. (गावठी तुपाला चढा भाव होताच, माणसाला नव्हता.) अहिराणीच्या शेजारच्या लेवा गणबोलीत ओव्या रचणाऱ्या बहिणाबाईंचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला मिळाले, याचा आनंद आहे, पण 'गावठी' हा शब्द आम्ही स्वतःला लावणे आणि मुलाखतीत साहेबाने आमचे हेल ऐकून लावणे, यांत फरक आहे. टी-शर्ट खुशाल विकावेत. आधी वर्गात अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शिक्षकांनी हसू नये.

आपला,
एक वाचक, धुळे