त्रोवसला राहिलेला झगा

प्रिय अमोल,

प्रभूत सलाम.

रविवारी फोन मीच मध्येच बंद केला, हे कबूल. त्यानंतर तीनदा लावायला घेतला आणि ठेवून दिला. बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि तुझा बारीक होत जातो. लिहिताना निदान खोडता येतं. तू बंद केलेल्या फिटच्या गोळ्यांचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

तू म्हणालास, "आई, तुझा विश्वास थंड झालाय. तुला प्रभू यायलाच नकोय." चार दिवस हे वाक्य घरभर माझ्या मागे फिरतंय. पप्पा गेले त्या रात्री पाळकांनी पहिल्या थेस्सलनीकाचा चौथा अध्याय वाचला. ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते आधी उठतील, ही ओळ मी तेव्हा जी धरली ती अजून सोडलेली नाही. मला तो यायला नको कसं असेल रे? माझं माणूस त्याच्याकडे आहे.

पण तुझ्या मंडळीतले ते भाऊ सांगतात तशी त्याच्या पुन्हा येण्याची तारीख? त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. मत्तय 24:36 तुला पाठ आहे, मीच करून घेतलं होतं. पुत्राला नाही आणि तुमच्या त्या भावांना आहे! (टोमणा झाला. राहू दे, खोडत नाही.)

दिवसांची वर्षं धरून केलेला त्यांचा हिशोब नवा नाही. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएलच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस असेच वर्षं म्हणून मोजले होते. लबाड नव्हता तो. शेतकरी माणूस, वर्षानुवर्षं पवित्र शास्त्र घेऊन बसलेला. शेवटी त्याच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी तर उभी पिकं शेतातच सोडली, काढायची कशाला म्हणून. मग 23 तारीख उजाडली. मला त्या घरांतल्या बायका आठवतात, ज्यांना त्या सकाळी उठून चूल पेटवावी लागली असेल.

तुझ्यापेक्षा जास्त राग माझा माझ्यावरच आहे. तू सात वर्षांचा होतास. शाळेतून आलास, दार उघडं, घरात कोणी नाही. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. खाली आले तर तू उंबऱ्यावर बसून हमसून रडत होतास, "मला ठेवून सगळे वर गेले." प्रभू येईल तेव्हा दोघं शेतात असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल, हे आदल्याच रविवारी मीच शिकवलं होतं. मी हसले, मावशीला सांगून पुन्हा हसले. हसायला नको होतं. ती भीती मी पेरली आणि आज तिची कापणी भलताच कोणी करतोय.

वाट कशी पाहायची हे मी पप्पांकडून पाहिलं. डॉक्टरांनी महिने मोजून सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी ती हिरवी फाईल मागितली. हात थरथरत होता, तरी प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी लावली: विमा, वीज, घराचे कागद. मी चिडले, आता हे कशाला? म्हणाले, धनी येईल तेव्हा मी काय करत होतो, एवढंच तो विचारेल ना? शेवटच्या कप्प्यावरची चिठ्ठी अजून तशीच आहे, 'अमोलची औषधं'. खाली सकाळ-रात्रीच्या वेळा.

बघ, आलाच विषय.

फिटच्या गोळ्या अशा एकदम थांबवल्या की झटके उलटून येतात, कधी एकामागून एक येतात आणि थांबत नाहीत. डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. तू म्हणतोस, तो येईपर्यंत सांभाळील. सांभाळतोच की! कशाने सांभाळतो म्हणून भांडू नये एवढंच. प्रेषित पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचं पोट वारंवार बिघडायचं, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घे म्हणून कळवलं. प्रभू येतोच आहे, तोवर सोस, असं नाही कळवलं.

त्याच तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढ. चौथा अध्याय. माझं जाणं जवळ आलं आहे, त्याचं प्रकट होणं ज्यांना प्रिय आहे त्या सगळ्यांसाठी मुकुट ठेवला आहे, असं पौल लिहितो. आणि पाचच वचनं खाली म्हणतो, त्रोवस शहरात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना आण, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. वर मुकुट, खाली झगा. एकाच माणसाचा हात, एकच पत्र. त्याला थंडी वाजत होती, रे. आणि वाचायचंही बाकी होतं.

प्रवचन झालं. माफ कर. शब्बाथ शाळेची सवय जात नाही.

शेवटचा पगार तू ऑफिसातल्या त्या आजारी मुलाच्या घरी देऊन आलास, हे मला मावशीकडून कळलं. तू सांगितलं नसतंस. पप्पांनी हेच केलं असतं. ऊर भरून आला, आणि दुसऱ्या क्षणाला मनात आलं, आता हा स्वतःच्या गोळ्यांची पाकिटं कशातून आणणार? आईचं मन असं आहे, मोठेपणा धड पाच मिनिटं टिकत नाही.

नोकरीवर परत जा असं म्हणत नाही. (म्हणते आहे, पण तू ऐकू नकोस, स्वतः ठरव.) मत्तयच्या त्याच अध्यायाच्या शेवटी जो दास धन्य म्हटलाय, त्याच्याकडे काम काय होतं बघ: घरातल्यांना वेळेवर जेवायला देणं. बस, एवढंच.

सोबत पार्सल आहे. पप्पांचा तपकिरी स्वेटर, बाही मी उसवून पुन्हा घातली आहे, तुझे हात त्यांच्यापेक्षा लांब. तुझं जुनं मराठी बायबल, ज्यात तू निळ्या शाईने रेघा मारायचास. आणि तळाशी दोन महिन्यांची पाकिटं. किती दिवस चुकले ते मला सांगू नकोस, पण पुन्हा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना मात्र खरं सांग. फोन करून आजच विचार, उद्यावर टाकू नकोस.

पौलाने तीमथ्याला लिहिलं होतं, हिवाळ्याच्या आधी यायचा प्रयत्न कर. तूही ये. त्या तारखेच्या आधी ये किंवा नंतर, मी घरीच आहे.

तुझी,
आई

ता. क. फोनवर भांडणार नाही. घेतल्यास का, एवढंच विचारीन. हो किंवा नाही म्हण आणि ठेवून दे.