कृष्णविवराच्या माथी खापर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पानावर ‘राक्षसी दीर्घिका शेजाऱ्यांना गिळतात’ हा मजकूर वाचला. (दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत.) सोबत एम 87 या राक्षसी दीर्घिकेच्या कृष्णविवराचं ते नारिंगी कड्यासारखं, 2019 साली गाजलेलं चित्र होतं. विषय घेतलात याचा आनंद आहे. पण चित्रामुळे आमच्या पारावर असा समज झाला, की दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवरच शेजारच्या दीर्घिका ओढून खातं.

तसं नाही. ते कृष्णविवर सूर्याच्या सुमारे 650 कोटी पट जड आहे खरं, पण खुद्द एम 87 त्याच्याहून शेकडो पट जड. लाखो प्रकाशवर्षांवरून तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांवर, म्हणजे उपदीर्घिकांवर, त्या विवराचं काही चालत नाही. त्यांना बुडवतं ते वेगळंच. उपदीर्घिका मोठीच्या पसाऱ्यातून जाते तेव्हा वाटेतले तारे आणि कृष्णपदार्थ (न दिसणारा, पण वजन असलेला पदार्थ) आपल्याकडे ओढत जाते. ते गोळा होईस्तोवर ती पुढे निघून गेलेली असते, आणि मागे साचलेला हा जमाव तिलाच मागे खेचतो. वेग मंदावतो, कक्षा आत आत सरकते. ताऱ्यांसाठी हे गणित 1943 मध्ये मांडलं ते आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी. (आमची पाठ्यपुस्तकं मात्र त्यांनी श्वेत बटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या वजनाला घातलेल्या 1.4 सूर्यांच्या मर्यादेपाशीच थांबत.) गंमत म्हणजे उपदीर्घिका जितकी जड, तितकी लवकर बुडते. लहानसहान उपदीर्घिकांना विश्वाचं 1380 कोटी वर्षांचं वयही पुरलेलं नाही. त्या अजून फिरताहेतच.

आणि बऱ्याच जणी गिळल्या जाण्याआधीच थंडावतात, हे तर आपल्या मजकुरात आलंच नाही. समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो. त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं जाणाऱ्या उपदीर्घिकेचं काय होतं? खळ्यावर धान्य उपणताना दाणा खाली राहतो नि कुटार उडून जातं, तसे तारे जागेवर राहतात आणि वायू मागे उडून जातो. वायू गेला की नवे तारे जन्मणं बंद. निळे तारे अल्पायुषी, ते आधी विझतात. उरते ती लालसर, म्हातारी दीर्घिका.

एक विनंती. कन्या रास आपल्या अंकात रोज छापून येते, लग्नासाठी नि नोकरीसाठी. त्याच राशीत, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एम 87 आणि तिच्याभोवतीचा हजारावर दीर्घिकांचा समूह आहे. एप्रिलच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास तो आपल्या विदर्भात जवळजवळ डोक्यावर येतो, आणि तेव्हा गावोगाव अंगणात खाटा पडलेल्याच असतात. सिंहाच्या शेपटीची उत्तरा फाल्गुनी धरून पूर्वेकडे कसं सरकायचं, याचा एक नकाशा तेवढा छापा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही आणि शाळेतल्या छोट्या दुर्बिणीतूनही धुरकट ठिपकाच दिसेल, हेही खाली स्पष्ट लिहा. नाहीतर पोरं नारिंगी कडं शोधत बसतील.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ