संरक्षणमंत्री साहेब, ते पावणेसात लाख कोटी नक्की कुणावर खर्च होतात? एका रिटायर्ड सॅपरचं खुलं पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मा. साहेब, जय हिंद.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्यात पूल-रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअर पलटणीचा, रिटायर्ड हवालदार. १९८८ ला खडकीच्या सेंटरला भरती झालो, २४ वर्षं काढली, २०१२ ला घरी आलो. सातारा जिल्ह्यातला आहे, म्हणजे जिथल्या एकट्या अपशिंगे गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली ती परत आलीच नाहीत त्या जिल्ह्यातला. पत्र मराठीत लिहितोय, तुमच्याकडं वाचून दाखवणारी माणसं असतील अशी आशा आहे, नसली तर पावणेसात लाख कोटीच्या संरक्षण बजेटमध्ये एक ठेवून घ्या.

गेल्या आठवड्यात आमची मंडळी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुबा मोडला. रात्रीची वेळ, शेजारच्याची गाडी काढली आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, नाव लिहीत नाही. यादीत आहे म्हणून नेलं, आमच्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या यादीत, ईसीएचएसच्या. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड हातात घेतलं, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाली, "काका, आर्मीचं कार्ड सध्या चालत नाही. एक लाख डिपॉझिट भरा, नाहीतर दुसरीकडं बघा." मी म्हणलं इमर्जन्सी आहे, इमर्जन्सीत कॅशलेस घ्यावंच लागतं, नियम आहे, पॉलीक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, नंतर कळवायचं असतं. ती म्हणाली मला नियम सांगू नका, वरून सांगितलंय, तुमच्या योजनेकडं आमची बिलं थकलीत. त्या पोरीवर माझा राग नाही, तिला पगार किती असंल ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण स्ट्रेचरवर बायको कण्हतीय आणि मी खिशातनं कार्ड काढून भारत सरकारच्या सिंहाची मुद्रा दाखवतोय, मागं लाईनीत उभी असलेली माणसं बघतायत, हे कसं वाटतं ते तुम्हाला कळणार नाही साहेब. पाटल्या पतसंस्थेत गेल्या. ऑपरेशन झालं. आता बिल पुढं पाठवायचं, मग त्यात "हा टाका जादा, हे औषध बसत नाही" असं करत किती परत मिळतील ते देवाला माहीत.

ही योजना फुकट नाही बरं का. रिटायर होताना माझ्या हिशोबातून वर्गणी कापून घेतलीय. २००३ ला सुरू झाली तेव्हा सांगितलं होतं की आयुष्यभर तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला कॅशलेस. आयुष्यभर म्हणजे नक्की कुणाच्या आयुष्यभर हे तेवढं लिहायचं राहिलं बहुतेक.

मग मी घरी बसून आकडे काढले. मोबाईल आहे, पोरगी कॉलेजला आहे, तिनं शोधून दिले. २०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६ लाख ८१ हजार कोटी. त्यातले १ लाख ८० हजार कोटी नवी विमानं, तोफा, जहाजं यांना. पेन्शनला १ लाख ६० हजार कोटी. आणि आमच्या आरोग्य योजनेला ८,३१७ कोटी. आता लाभार्थी ६० लाखाच्या वर आहेत, भागाकार करा, वर्षाला माणशी तेरा-साडेतेरा हजार पडतात. एवढ्यात एमआरआय आणि दोन महिन्यांच्या गोळ्या होतात. मग हॉस्पिटलवाला बोर्ड उतरवून ठेवतो यात नवल ते काय.

शस्त्रं घेऊ नका असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेकडनं ३१ ड्रोन घ्यायचं ठरलं, ३२ हजार कोटीच्या आसपास. नौदलाला २६ राफेल, ६३ हजार कोटीच्या घरात. घ्या, शेजारी कसे आहेत ते आम्हाला तुमच्यापेक्षा जवळनं माहीत आहेत. पण टीव्हीवर दरवर्षी बजेटच्या रात्री कोट घातलेली माणसं बसतात आणि म्हणतात पेन्शनचा बोजा फार झालाय, पेन्शनमुळं आधुनिकीकरण अडलंय. बोजा! त्या पेन्शनच्या आकड्यात संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन लोकांचंही पेन्शन येतं, ते साठ वर्षांपर्यंत नोकरी करून जातात, जवानाला तुम्ही चाळिशीच्या आतबाहेर घरी पाठवता, हे कुणी सांगत नाही. मी ४३ व्या वर्षी घरी आलो आणि दुसऱ्याच वर्षी बँकेच्या दारात डबल बॅरल बंदूक घेऊन उभा राहिलो. हा बोजा दिवसाला बारा तास उभा असायचा साहेब.

आता परदेशातलं सांगतो, कारण ते तुम्ही लोक फार अभिमानानं सांगता. २०२५ च्या ऑक्टोबरात दिल्लीत युनोच्या शांतिसेनेला सैनिक देणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद झाली. तिथं पण तेच आकडे, भारतानं आजवर २ लाख ९० हजार शांतिसैनिक पाठवले, पन्नासच्या वर मिशन, १८० च्या आसपास जवान तिकडंच गेले, जगात सगळ्यात जास्त. त्या २ लाख ९० हजारांत मी एक आहे. २००७ ला आमची इंजिनिअर कंपनी सुदानला गेली, मलाकाल म्हणून गाव, नाईलच्या काठावर. आता ते दक्षिण सुदानात येतं. तिथली माती काळी, आपल्या सोलापूरसारखी, पाऊस पडला की डंपर एक्सलपर्यंत खाली. मुरूम जवळपास नाही, लांबून आणायचा, पसरायचा, रोलर फिरवायचा आणि पुढच्या पावसात परत तेच. मलेरिया झाला नाही असा माणूस कंपनीत शोधून सापडला नसता. वर भूसुरुंग. रस्त्यावर पाय ठेवायच्या आधी माइन क्लिअर झालीय का ते बघायचं, गुराख्याची पोरं मात्र बिनधास्त पळायची. आमच्या जनरेटर आणि ब्लास्टिंगच्या कामात माझा डावा कान गेला, पण तो कागदावर "सेवेशी संबंधित नाही". असो.

पैसे मिळाले, खोटं का बोलू, माझ्या घराचा स्लॅब त्याच पैशावर पडलाय. पण युनो आमच्या डोक्यामागं महिन्याला १,०२८ डॉलर देत होतं आणि ते सरकारला देत होतं, हे मला परत आल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. आणि ऐका, २०१९ ला युनोनं भारताचे ३८ मिलियन डॉलर थकवले होते तेव्हा आपले राजदूत न्यूयॉर्कला उभे राहून बोलले की हे बरोबर नाही, सैनिक पाठवणाऱ्या देशांचे पैसे वेळेत द्या. शाब्बास! म्हणजे थकबाकी काय चीज असते ते दिल्लीला कळतं. फक्त घेणं असलं की कळतं, देणं असलं की फाईल टेबलावर.

माझ्यानंतर २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथंच दक्षिण सुदानात, जोंगलेई प्रांतात, आपल्या पाच जणांना घात लावून मारलं, डिसेंबरात अकोबोला आणखी दोघं. २०२५ ला युनोनंच पैसे नाहीत म्हणून शांतिसैनिक पाव हिस्सा कमी करायचं ठरवलं, लेबनॉनचं मिशन २०२६ च्या शेवटी बंद करायचं ठरलं. मग भाषणातले आकडे वाढायचे कसे ही एक अडचणच आहे तुमची.

बरं आता पुतण्याचं. थोरल्या भावाला दोन पोरं. मोठा २०२१ च्या भरतीत ग्राउंड पास, मेडिकल पास, लेखी परीक्षा कोरोनामुळं पुढं, परत पुढं, परत पुढं, आणि जून २०२२ ला तुम्ही चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आणली आणि जुनी भरती सगळी रद्द. पोराची तेविशी उलटून गेली होती, नव्या भरतीत वय बसेना. आज तो टेम्पो चालवतो. पहाटे चारला उठून पळणारं पोरगं होतं ते. धाकटा पहिल्याच बॅचला अग्निवीर झाला, २०२६ अखेर त्याची चार वर्षं भरतात. पहिल्या वर्षी हातात २१ हजार. शेवटी ११ लाख ७१ हजाराची सेवानिधी, त्यातले निम्मे त्याच्याच पगारातनं कापलेले. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि ते कार्ड, जे माझं चालत नाही, ते त्याला मिळणारच नाही. चौघांतला एक राहणार, तिघं घरी. सोयरिकीला गेलं की मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो, "परमनंट आहे का?" आमच्या जिल्ह्यात मिलिटरीवाला म्हणलं की पोरीकडचे उंबरा झिजवायचे साहेब, ते दिवस तुम्ही घालवले.

मला पोराच्या पोटापेक्षा दुसरीही काळजी आहे आणि ती कुणी ऐकून घेत नाही. बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी पॅनल जोडून उभारायचा पूल, बघितलाय का कधी बांधताना? एक पॅनल अडीचशे किलोच्या वर, सहा जण लागतात उचलायला. सहाही जणांचा श्वास एक पाहिजे, एकानं आधी सोडलं तर दुसऱ्याची बोटं गेली. रात्री, लाईट न लावता, हातानं चाचपून पिन मारायची असते. हे मला माझ्या हवालदारानं शिकवलं, आईवरनं शिव्या देत, आणि मला नीट जमायला चौथं-पाचवं वर्ष उजाडलं. म्हणजे जेव्हा पोरगं खऱ्या अर्थानं उपयोगी पडायला लागतं तेव्हा तुम्ही त्याच्या हातात चेक देऊन गेट दाखवणार. आणि जो चौथ्या वर्षी "मी त्या पंचवीस टक्क्यांत आहे का" याच विचारात आहे, तो शेजारच्याची बोटं सांभाळंल का स्वतःचा नंबर? हा प्रश्न वातानुकूलित खोलीत बसून कागद काढणाऱ्याला पडणार नाही. वर सैन्यात जवानांच्या नव्वद हजाराच्या वर जागा रिकाम्या होत्या म्हणे, हे २०२५ ला संसदेच्या समितीसमोर सांगितलंय. माणसं कमी आहेत, तरी असलेली चारातली तीन परत पाठवायची, हे गणित मला तरी सुटलं नाही, मी दहावी पास.

ऑक्टोबर २०२३ ला सियाचीनमध्ये ऑपरेशनल ड्युटीवर असताना पहिला अग्निवीर शहीद झाला, तो आपल्या बुलढाण्याचा. विम्याचे पैसे मिळाले, जाहीर पण केले लगेच, किती लाख ते. आईबापाला महिन्याची पेन्शन नाही हे जाहीर केलं नाही.

आणि २०२२ ला म्हणाले, अग्निवीरांना चार वर्षांनंतर निमलष्करी दलात १० टक्के आरक्षण देऊ. देऊ की. केंद्राच्या ग्रुप सी नोकऱ्यांत माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण कधीपासनं आहे, भरलेलं किती? फारच थोडं. बाकीचे आम्ही एटीएमबाहेर, एमआयडीसीच्या गेटवर, सोसायटीच्या केबिनमध्ये. सॅल्यूट छान मारतो म्हणून घेतात.

पेन्शनचा विषय निघालाच आहे तर हेही बोलून घेतो, तुमच्या खात्यात बसत नसलं तरी. महाराष्ट्रात एक टर्म आमदार राहिलेल्या माणसाला महिन्याला ५० हजार पेन्शन आहे. खासदारांची २०२५ ला २५ वरून ३१ हजार झाली. त्याला कुणी बोजा म्हणत नाही, त्यावर कोटवाले चर्चा करत नाहीत, आणि त्या बाबतीत सगळे पक्ष एकजात एकमतानं बाकं वाजवतात. चार वर्षं बर्फात काढलेल्या पोराला शून्य. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या नोकरीला सारखी पेन्शन मिळावी म्हणून, २०१५ ला मेडल लावलेली म्हातारी माणसं जंतरमंतरवर बसली होती, त्यांना पोलिसांनी कसं ओढलं ते आम्ही बघितलंय. जवानाच्या अपंगत्व पेन्शनचा निकाल लागला की सरकारच वर अपिलात जातं, वकिलाला द्यायला पैसे असतात. आणि २०२३ ला तुमच्या खात्यानं काय काढलं? सेल्फी पॉइंट! आठशेच्या वर. सरकारची कामगिरी मागं, पुढं आपला फोटो. एवढ्या सेल्फी पॉइंटांतला एक त्या हॉस्पिटलच्या काउंटरशेजारी लावायचा होता, मी बायकोला स्ट्रेचरसकट उभं केलं असतं.

मागायचं म्हणलं तर फार नाही. हॉस्पिटलांची बिलं ठरलेल्या मुदतीत द्या आणि नाही दिली तर व्याज द्या, जसं आम्ही पतसंस्थेला देतो. कार्ड नाकारणाऱ्याचं नाव यादीतनं काढा आणि यादी खरी ठेवा, म्हणजे रात्री माणूस चुकीच्या दारात जाणार नाही. आणि अग्निवीरांच्या पहिल्या बॅचचं काय करणार ते आता सांगा, डिसेंबर २०२६ ला नको. तोवर पोरगं घरी येऊन बसलेलं असंल.

ऑनलाइन तक्रार पण टाकलीय. "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज आला, कुणी काढली आणि काय काढलं ते कळलं नाही, म्हणून हे पत्र.

२६ जानेवारीला आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा सत्कार आहे, लोकप्रतिनिधी येणार आहेत, मांडव पडायचाय. आयोजकांना मी कळवलंय आणि तुम्हालाही कळवतो की यंदा शाल घेणार नाही, कपाट भरलंय. माईक दिला तर दोन मिनिटं बोलणार आहे. देतील असं वाटत नाही.

आपला,
एक रिटायर्ड हवालदार, बॉम्बे सॅपर्स
जि. सातारा