चिंचोके, फासे आणि ६१७४

सोलापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तिसरीचा वर्ग तुझ्याकडे आला आहे आणि गणिताच्या तासाला खेळ घेतले की अभ्यासक्रम मागे पडतो, ही तुझी अडचण वाचली. मी बरीच वर्षे याच खटाटोपात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या वर्गातली निम्मी मुले पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली आहेत. घरी तेलुगू, शाळेत मराठी. तेलुगूत सदतीसला ‘मुप्पै एडु’ म्हणतात, म्हणजे आधी तीस आणि मग सात. मराठीत सात आधी कानावर पडतात, तीस नंतर, आणि लिहिताना मात्र तीन आधी लिहायचे असतात. त्यामुळे ‘सदतीस’ म्हटले की कित्येक पाट्यांवर ७३ उमटतात. ते मूल कच्चे नसते. जे ऐकले ते त्याच क्रमाने त्याने लिहिलेले असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा त्यावर केवढा गदारोळ उठला होता! मला मात्र ते वाचून माझ्या वर्गातल्या पाट्या आठवल्या होत्या.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला खेळ अगदी साधा आहे. पाटीवर दशक आणि एकक अशी दोन घरे आखायची. फासा एकदा टाकायचा आणि पडलेला आकडा कोणत्या घरात लिहायचा हे दुसऱ्यांदा फासा टाकण्यापूर्वीच ठरवायचे. एकदा लिहिलेले पुसायचे नाही. ज्याची संख्या मोठी, त्याला एक चिंचोका. परवा एका मुलीला चार पडले. तिने खडू दशकाच्या घरावर नेला, मागे घेतला, बोटे मोजली आणि म्हणाली, “गुरुजी, चारपेक्षा मोठे दोनच उरले, पाच आणि सहा.” मग तिने चार दशकाच्या घरात लिहिले. स्थानिक किंमत तर तिला कळलीच होती, पण शक्यतेचा विचारही मी न शिकवता तिने केला होता. पुढे तिला एक पडला, ४१ झाले आणि ती हरली; तरीही पुढच्या डावात तिने चार दशकातच ठेवले.

गणिते उरकल्यावर बक्षीस म्हणून खेळ द्यायचा, हे मला पटत नाही. गणित केल्यावाचून डाव पुढे सरकता कामा नये. सापशिडीतसुद्धा सोंगटी हलवण्यापूर्वी ती कोणत्या घरात जाणार हे सांगायला लाव, म्हणजे एकेक घर मोजण्याची सवय सुटेल.

चौथीला मी एके काळी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची संख्या देतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंकांची मोठ्यात मोठी मांडणी करून तीतून लहानात लहान वजा करावी आणि उत्तरावर हेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतात. २०२४ घे: ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि मग ६१७४. दशक सुटा करून वजाबाकी करायला कंटाळणारी मुले हे करताना पाटी खाली ठेवत नाहीत.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, ती तू करू नकोस. ६१७४ आले म्हणजे सगळ्या वजाबाक्या बरोबर, असे मी वर्गाला सांगून बसलो होतो. प्रत्यक्षात मधली एखादी वजाबाकी चुकली तरी त्या चुकीच्या संख्येवरूनही वाट बहुधा ६१७४ कडेच जाते. हे एका मुलाच्या पाटीवरून लक्षात आले तेव्हा मी वर्गासमोर माझे बोलणे मागे घेतले. आता प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करायला लावतो. ती ९, १८ किंवा २७ आली नाही, तर चूक त्याच पायरीवर आहे. या पडताळणीतूनही काही चुका निसटतात, म्हणून दोघांना एकच संख्या देऊन पाट्या शेजारी ठेवायला सांगतो. तुझ्या तिसरीला तीन अंकी संख्या दे. तिथे शेवटी ४९५ येतात.

वेळेचे म्हणशील, तर आठवड्यातून दोन तास खेळाला आणि त्याच घटकाची पुस्तकातली उदाहरणे लगेच दुसऱ्या दिवशी, असा माझा क्रम आहे.

भागाकारासाठी मात्र मनासारखा खेळ मला अजून सापडलेला नाही. चिंचोके सारखे वाटून देण्यापर्यंत मुले सहज येतात, पण बाकी उरली की तो चिंचोका कोणाचा यावरच भांडण होते आणि गणित बाजूला राहते. तुझ्या वर्गात काही जमले तर सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र