वाशिष्ठीचा गाळ डोंगरावरच अडवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

चिपळूणच्या पुराबद्दल वनमंत्र्यांना पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. 22 जुलै 2021 ला बाजारपेठ बुडाली, तेव्हापासून आम्ही जलसंपदा विभागाचेच उंबरे झिजवतोय. साखळी उपोषण झालं, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ निघू लागला. ते काम हवंच होतं. पण गाळ ज्या डोंगरांवरून येतो, तिथली झाडतोड आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. बहुतेक डोंगर खासगी, एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं. घरात लग्न निघालं, छप्पर गळायला लागलं की मालक तोड देतो आणि ठेकेदार अख्खा उतार साफ करून लाकूड नेतो. त्यावर उन्हाळ्यात वणवा फिरला की पालापाचोळाही उरत नाही. उभ्या रानात पाऊस त्या पाचोळ्यातून जमिनीत मुरतो. उघड्या उतारावर मात्र पहिल्याच मोठ्या सरीला पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातला ओढा, लालभडक होऊन धावतो, माती-गोट्यांसकट. खाली सपाटीला नदीचा वेग मंदावतो आणि ते सगळं तिथंच बसतं. वर कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून नदीत सोडलेलं पाणी, समोरून खाडीची भरती. 2021 चा पाऊस अफाट होता, जंगल शाबूत असतं तरी पूर आलाच असता. पण पात्र उथळ झालं की तेवढंच पाणी घरात आणखी वर चढतं.

झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा 1964 पासून आहे. माझी मागणी अशी, की वाशिष्ठीच्या पाणलोटात परवानगी देताना एकेक गट नंबर सुटा न पाहता त्या पऱ्ह्यावरचा सगळा उतार पाहावा. शेजारच्या गटांत नुकतीच तोड झाली असेल, तर नवी परवानगी थांबावी.

मालकावर नुसती बंदी लादू नका. अडीअडचणीला झाड हीच त्याची ठेव आहे. गाळ उपसायला सरकार खर्च करतंच. त्यातला काही वाटा रान उभं ठेवणाऱ्याला दरवर्षी रोख द्या, म्हणजे तोही राखणीला उभा राहील.

पावसाळा सरला की करवती पुन्हा सुरू होतील. त्याआधी आपल्या आणि जलसंपदा विभागाच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून पऱ्ह्यांचा नकाशा करावा, आणि तो होईपर्यंत तीव्र उतारांवरची सरसकट तोड थांबवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
चिपळूणचा एक रहिवासी